आगोटीतला मुक्यांचा वाटा

आपल्या बाजूला ‘आगोट’ हा शब्द अजून बोलण्यात आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मृग निघण्यापूर्वी चार महिन्यांची जी तरतूद करून ठेवायची, तिला आपण आगोटीची बेगमी म्हणतो. सोले, कुळीथ, मीठ, मिरच्या, पापड, सुके बांगडे, सुकट, सरपण, शेणी ही यादी मालवणकडच्या बाईला नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु आगोटीवर जे लिहिले जाते ते बहुतेक स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबते. गोठ्यात, पडवीत आणि खुराड्यात जी तोंडे असत, त्यांचा वाटा या बेगमीत केवढा असे व तो कोण राखीत असे, हे फारसे कुणी मांडलेले नाही. मंडळाच्या स्मरणिकेसाठी म्हणून हा विषय घेतला आहे. विषय जुना खरा, परंतु वादळाचा निरोप आल्यावर घर सोडायचे की नाही हा प्रश्न आजही पुष्कळ घरांत गोठ्यापाशीच अडतो, तेव्हा तो नुसता जुना आहे असेही म्हणता येत नाही.

आधी आपला गोठाच पाहू. कोकणातला जुना गोठा ठेंगणा असे. पाखे इतके खाली उतरलेले की उंच माणसाने वाकूनच आत शिरावे. नैऋत्येचा वारा छपराखाली घुसू नये हा त्यातला हेतू. वैशाखाच्या अखेरीस पश्चिमेच्या व दक्षिणेच्या अंगाला झावळ्या विणून त्यांच्या झडी बांधायच्या, जमिनीचा उतार नीट करून पाण्याला वाट काढून द्यायची, आणि पेंढा भिजणार नाही, त्याला वाळवी लागणार नाही असा उंचावर रचायचा, ही कामे झाल्याखेरीज आगोट पुरी झाली असे कुणी समजत नसे. उडवी रचणे हे पुरुषाचे काम, पण ती किती दिवस पुरेल याचा हिशेब बाईच्या डोक्यात. सलग आठ दिवस झड लागली आणि गुरे बाहेर काढताच आली नाहीत, तर रोज किती पेंड्या सोडायच्या हे ती बोटांवर सांगे. कोंबड्यांचे खुराडे जमिनीपासून वर घेतलेले असे. मुंगूस, जनावर (म्हणजे साप) आणि अंगणातून वाहणारे पाणी या तिघांपासून ते वाचावे म्हणून. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की ताजी मासळी दुर्मीळ, म्हणून सुकटीच्या मडक्यात मांजराचा वाटा धरलेला असे. तो वाटा धरला नाही तर मांजर स्वतः धरी, हे निराळे!

यातले कोणतेही काम पोथीत लिहिलेले नव्हते. सासूने केले ते सुनेने पाहिले एवढेच. तथापि पोथ्यांत हा विषय अजिबात नाही असे मात्र नाही, आणि एक लेख तर असा आहे की तो प्रत्येक कोकणी घरात वाचला जावा.

राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या आगेमागे, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीस राहिलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना व कारकुनांना एक पत्र पाठविले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, अशा आशयाच्या आज्ञेसाठी त्या पत्राचा पुष्कळदा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. पण सबंध पत्र वाचले तर ते मुख्यतः घोड्यांचे पत्र आहे. पावसाळा तोंडावर आलेला. पागेसाठी दाणा व वैरण मिळवून ठेवलेली. महाराज विचारतात ते असे : आहे तोवर मनास येईल तसे चारून टाकाल, तर ऐन पावसाळ्यात काय घालाल? तेव्हा कोठे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, रयत गाव सोडून जाईल. दाण्याच्या अंदाजात झालेली चूक सबंध मुलखाच्या उद्ध्वस्तपणापर्यंत कशी पोहोचते, हे त्यांनी पायरीपायरीने दाखविले आहे.

याहूनही मला आश्चर्य वाटते ते पुढल्या भागाचे. छावणीत गवताच्या गंज्या आहेत. कुणी कोठेही चूल पेटवील, कुणी तंबाखू ओढण्यासाठी विस्तव नेईल, कुणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल आणि उंदीर ती जळती वात ओढून नेईल. गवताला आग लागेल. एक खोपट पेटले की सारी पेटतील, आणि घोडे काही वाचणार नाहीत. मागाहून कुणाला कितीही शिक्षा केली तरी जळलेले परत येणार नाही. म्हणून निजण्यापूर्वी फेरी घाला, विस्तव व दिवे विझले आहेत की नाहीत ते पाहा, अशी ताकीद आहे. आग्र्याहून निसटलेला, अफझलखानाला सामोरा गेलेला राजा उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करतो आहे! आपत्ती आल्यावर शौर्य दाखविणारे पुष्कळ असतात. ती कोणत्या फटीतून शिरेल हे आधी पाहणारी नजर बहुधा घर चालविणाऱ्या बाईची असते, आणि या पत्रात ती राजाला आहे. हल्ली सरकारी पत्रकांतून ‘पूर्वतयारी’ म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

त्याच्याही मागे जावयाचे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दैवी संकटे आठ सांगितली आहेत : अग्नी, जल, रोगराई, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र पशू, सर्प आणि राक्षस. राक्षसांचे सोडून देऊ. पुरासंबंधी तो सांगतो की पाण्याकाठच्या गावांनी पावसाळ्याच्या रात्री पुराच्या आवाक्याबाहेर जाऊन राहावे आणि लाकडे, वेळू व नावा हाताशी ठेवाव्यात. उंदरांच्या संकटावर त्याचा पहिला उपाय मांजरे व मुंगसे सोडण्याचा आहे, आणि ती कुणी पकडली वा मारली तर बारा पणांचा दंड आहे. म्हणजे घरातल्या मांजराला राज्याच्या आपत्ती-व्यवस्थेत एक नेमणूक होती. आपल्या कणगीपाशी बसलेल्या बोक्याला हे ठाऊक असावे असे त्याच्या ऐटीवरून वाटते.

आता मुद्द्याकडे येते. आपली आगोट ही पंचांगावर चालणारी तयारी आहे. तिची सारी रचना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी आहे. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मात्र बहुधा या चार महिन्यांच्या दोन्ही कडांना येतात, मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पहिल्या वेळी आगोट पुरी झालेली नसते. दुसऱ्या वेळी ती संपलेली असते. आपल्या पिढीने पाहिलेली वादळे या दृष्टीने पुन्हा आठवावी.

‘फयान’ आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी. समुद्रावर गेलेल्या होड्यांचे जे झाले ते आपल्या बंदरांवर अजून कुणी विसरलेले नाही, त्यावर लिहिणे हा या लेखाचा विषय नव्हे. ‘क्यार’ २०१९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आपल्या किनाऱ्यासमोरून गेले. उधाणाचे पाणी वाड्यांत शिरले, आणि त्यासोबत आलेल्या पावसाने कापणीला आलेला भात आडवा झाला, कुठे उभ्या लोंबीतच त्याला कोंब फुटले. त्या भाताबरोबर पुढल्या वर्षाचा पेंढाही कुजला, ही गोष्ट नुकसानीच्या बातम्यांत जवळजवळ आलीच नाही. ज्या घरी दोन गुरे होती त्या घरी ती आली. आणि ‘तौक्ते’ १६ मे २०२१ रोजी, रविवारी, आपल्या समोरून उत्तरेकडे गेले. माड, आंबे, फणस मोडून पडले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे पुष्कळ दिवस अंधारात राहिली. वैशाख चालू होता. झडी बांधून झाल्या नव्हत्या, गवत उघड्यावर होते, गोठ्यांची शाकारणी व्हायची होती. मृगाला तीन आठवडे अवकाश आहे म्हणून जे राहिले होते, ते सारे राहिलेलेच सापडले.

यावरून असे दिसते की आगोटीची तारीख मागे ओढली पाहिजे, आणि तिला एक धाकटी बहीण द्यावी लागेल. पहिली तयारी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास व्हावी. आणि दुसरी, लहानशी, नवरात्र संपता संपता. दुसरीत फार काही नको. पंधरा दिवसांचा कोरडा चारा कौलांखाली उंचावर असावा, पिंपात झाकलेले गोडे पाणी असावे, दोरखंडे व कोयता जागच्या जागी असावा. खाडीकाठच्या वाड्यांत भरतीचे पाणी विहिरीत शिरले की माणसाला टँकर येतो, गुरांना येत नाही.

या तयारीची जबाबदारी बाईवर पडते याचे कारण आपल्या कोकणाच्या इतिहासातच आहे. गिरण्यांच्या काळापासून इथला कर्ता पुरुष मुंबईत. मनिऑर्डर येई, गणपतीला माणूस येई, पण मधल्या काळात म्हातारी माणसे, मुले, शेत आणि गोठा हे सारे घरच्या बाईकडे. आता गुरे कमी झाली. बैलांच्या जागी पॉवर टिलर आला. दुधाची पिशवी घाटावरून येते. करूळ किंवा फोंडा घाटात दरड कोसळली की सकाळच्या चहाला ते कळते. पण गुरे कमी झाली म्हणून घरातली मुकी तोंडे कमी झाली नाहीत. मुलगे-सुना शहरात, आणि मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीला एक कुत्रा, दोन मांजरे, चार कोंबड्या, फार तर एक शेळी. अशा घरी सरकारी माणूस येऊन ‘शाळेत चला’ म्हणतो तेव्हा म्हातारी ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणते ते हट्टाने नव्हे. कुत्र्याचे काय करायचे ते त्याने सांगितलेले नसते.

घाटावरचा अनुभव याहून निराळा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे कृष्णा व पंचगंगा चढल्या, तेव्हा जनावरांना दावणीला सोडून निघायला पुष्कळ कुटुंबे तयार होईनात. पाणी गळ्याशी येईपर्यंत लोक थांबले. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटला असेल. परंतु म्हैस हे त्या घराचे वर्षाचे उत्पन्न असते, आणि उत्पन्नाखेरीज ती आणखीही काही असते, ते गोठ्यात वावरलेल्या बाईला कळते.

परदेशांतही हाच धडा महाग पडून शिकावा लागला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाल्यावर ब्रिटनमध्ये काय घडले ते पाहा. प्राण्यांसाठी नेमलेल्या समितीने एक पत्रक काढले होते : शक्य तर जनावरे खेड्यात पाठवा, तसे जमत नसेल तर त्यांना वेदनारहित मरण देणे हीच दया. झाले! लोक भीतीने दवाखान्यांपुढे रांगा लावून उभे राहिले, आणि पहिल्या काही दिवसांतच लक्षावधी कुत्री-मांजरी मारली गेली. एकंदर आकडा साडेसात लाखांच्या घरात असावा असा अंदाज आहे. लंडनवर सलग बॉम्बवर्षाव सुरू झाला तो त्यानंतर जवळजवळ एक वर्षाने. ज्यांनी घाई केली नाही, त्यांपैकी पुष्कळांनी आपली जनावरे घेऊनच युद्ध काढले. बॉम्बच्या आधी घाबरटपणाने केलेला हा संहार आहे.

बांगलादेशाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. १२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसे गेली असे मानतात. गुरांची गणती तर विचारूच नये. त्यानंतर त्या किनाऱ्यावर मातीचे मोठे उंचवटे बांधण्यात आले, लोक त्यांना ‘मुजीब किल्ला’ म्हणतात. पाणी चढू लागले की गुरे हाकून त्या उंचवट्यावर न्यायची. यात सिमेंट नाही की यंत्र नाही. गुरांना जागा आहे असे कळले की माणसेही वेळेवर निघतात, हे त्यामागचे साधे शहाणपण. किनाऱ्यावर किल्ला म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण गुरांसाठीही किल्ला असू शकतो हे आपल्याला सुचले नाही.

आणि अमेरिका. २००५ च्या ऑगस्टमध्ये ‘कॅटरिना’ वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. आश्रयाच्या ठिकाणी प्राण्यांना मज्जाव होता, म्हणून असंख्य लोक घरीच थांबले आणि त्यांतले काही बुडाले. जे निघाले त्यांच्यातला एक लहान मुलगा बसमध्ये चढत असता पोलिसाने त्याच्या हातातला छोटा कुत्रा काढून घेतला. ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ असे ओरडत तो मुलगा ओकेपर्यंत रडला. ही बातमी देशभर गेली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तिथे कायदा झाला की आपत्तीच्या योजनेत घरच्या पाळीव प्राण्यांची सोय धरली पाहिजे. हजारो घरांचे आकडे जे करू शकले नाहीत ते एका मुलाच्या रडण्याने केले, असे म्हणण्याचा मोह होतो.

आपल्याकडे कायद्याचा पाया एका स्त्रीने घातला हे या स्मरणिकेत नमूद केलेच पाहिजे. नृत्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर होत्या. प्राण्यांना क्रौर्याने वागविण्यास प्रतिबंध करणारे विधेयक त्यांनी १९५३ मध्ये मांडले. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० मध्ये कायदा झाला. दोन वर्षांनी प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. पाळलेल्या प्राण्याची नीट काळजी घेणे हे या कायद्याने पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि तो उपासमारीने तडफडेल अशा स्थितीत त्याला टाकून जाणे हा गुन्हा आहे. म्हणजे एका बाजूने कायदा टाकून जाऊ नका म्हणतो आणि दुसऱ्या बाजूने निवारा त्याला आत घेत नाही. बाईने करावे तरी काय?

नुकसानभरपाईचेही असेच. २०२२ ते २०२६ या वर्षांसाठी केंद्राने जे निकष ठरविले, त्यांत मेलेल्या दुभत्या गाईला वा म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० रुपये, शेळीला ४,००० रुपये आणि कोंबडीला १०० रुपये धरले आहेत. कुत्रा नाही, मांजर नाही. ही यादी उपजीविकेची आहे, त्यामुळे तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. ज्याची किंमत सरकार धरीत नाही त्याची तरतूद घरानेच आधी करावी लागते, एवढेच तीवरून कळते. गुरांच्या बाबतीत मात्र पंचनामा होतो, तेव्हा कानातला बारा आकडी बिल्ला व गुराचा एक फोटो घरच्या कागदांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत असावा.

आता थोडे व्यवहाराचे. पुरात सर्वांत जास्त गुरे मरतात ती बांधलेली असताना. गाय-म्हैस पोहते, दावे तिला पोहू देत नाही. म्हणून निघताना गुरे बरोबर नेता येत नसतील तर दावी सोडावी, सोडायला वेळ नसेल तर कापावी, आणि त्यासाठी कोयता गोठ्यातच अडकवलेला असावा. वाऱ्याच्या वेळी कमकुवत गोठ्यातही त्यांना कोंडू नये. विशेषतः हल्लीच्या पत्र्याच्या छपरांखाली, कारण उडालेला पत्रा तलवारीसारखा येतो. जुने गवती छप्पर पडले तरी कुणाचा गळा कापीत नसे. (जुने सगळेच चांगले असे माझे म्हणणे नाही. ते गवती छप्पर पेटले म्हणजे काय होई ते महाराजांच्या पत्रात आलेच आहे.) माडाखाली वा विजेच्या तारांखाली गुरे उभी करू नयेत. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसापूर्वी टोचून घ्याव्यात, कारण पुराच्या पाण्यानंतर रोग चालून येतो. तो माणसावरही येतो. जनावरांच्या व उंदरांच्या मुतातून पसरणारा ‘लेप्टो’ आपल्या जिल्ह्याला चांगला परिचयाचा आहे, तेव्हा पुरानंतर गोठा साफ करताना अनवाणी उतरू नये, पायावर जखम असेल तर मुळीच नाही.

मांजराला संकटाच्या क्षणी पकडणे म्हणजे वादळाहून मोठे संकट. त्यावर तोड अशी की एक झाकणाची टोपली किंवा कोंबड्यांची डाल त्याच्या झोपण्याच्या जागी चार-सहा महिने आधीच ठेवून द्यावी. त्यात ते आपण होऊन निजू लागते. कुत्र्याला साखळीची सवय नसेल तर ती शांत दिवसांत लावावी. रेबीजच्या लसीचा कागद सांभाळावा, कारण निवाऱ्यात चार घरची मुले असतात आणि त्यांच्या आयांनी तो विचारला तर त्यात काही चूक नाही. आणि निवाऱ्यात जनावर चालेल का हे मे महिन्यातच ग्रामपंचायतीला विचारून ठेवावे. वर्गात नसेल तर व्हरांड्यात, देवळात नसेल तर देवळाच्या आवारात, पण जागा कोणती ते आधी ठरावे. एकटी बाई विचारायला गेली तर उत्तर मिळायला वेळ लागतो. आपल्या मंडळाच्या पंधराजणी गेल्या तर खुर्च्या मिळतात.

प्रत्येक वाडीचे उत्तर मात्र वेगळे असणार. कातळावरच्या वाडीला पाण्याचे भय नाही, वाऱ्याचे आहे. कालावलच्या खाडीतल्या जुव्यांवर वाट म्हणजे होडीच, तिथे गुरे काढायची तर भरती-ओहोटी पाहूनच. आणि देवबाग? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे चढून जावे असा उंचवटाच नाही. माणूस मोटारीत बसून तारकर्लीवरून मालवणकडे पोहोचतो, गाय त्या एकाच रस्त्याने पायी जाते. म्हणून देवबागेत गुरांचा निरोप माणसांच्या निरोपाच्या आधी सुटला पाहिजे, आणि तो दिवसाउजेडी सुटला पाहिजे. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की पहिला फोन कोणी कोणाच्या गोठ्यावर करायचा, याची यादी येत्या बैठकीत करावी अशी माझी सूचना आहे.